सान्यांची जर्सी आणि एक मात्रा

आमचं आडनाव साने. मुलाने जर्मनीचा फुटबॉलपटू लेरॉय साने याची जर्सी मागितली तेव्हा मी म्हटलं, घरात पाच साने असताना सहावा विकत कशाला आणायचा? पण पोरगा स्वतः डाव्या पायाचा, शाळेच्या संघात विंगला खेळतो. हट्ट मोडवेना.

दुकान टिळक रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत. पांढरी जर्सी ५५० रुपये, नाव-नंबर छापायचे १५०. ओरिजिनल नाही, हे मालक आपणहून सांगतो. तेवढ्यावरच माझा अर्धा स्टार वाढला. कापड मात्र जाड आहे, खेळताना घामाने चिकटतं.

"सानेची आता कोण घेतं? मुसियालाची घ्या," मालक म्हणाला. मुसियाला म्हणजे जर्मनीचाच दुसरा खेळाडू. २०२५ मध्ये साने जर्मनीतला बायर्न क्लब सोडून तुर्कस्तानच्या गलातासरायला गेल्यापासून मागणी आटली म्हणे. झालं, चिरंजीव सुटले. २०१७-१८ ला मँचेस्टर सिटीने १०० गुणांनी लीग मारली, हा इंग्लंडमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला, आणि त्याच उन्हाळ्यात जर्मनीचे प्रशिक्षक लूव यांनी त्याला वर्ल्ड कपला नेलंच नाही! जर्मनी गटातच गारद. पुढच्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तरी २०२० मध्ये बायर्नने घेतलाच. मला स्वतःला त्याच्या आईचं कौतुक. रेगिना वेबर, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रिदमिक जिम्नॅस्टिक्सचं कांस्यपदक. वडील सेनेगलकडून खेळलेले. पोरगं पळणार नाही तर काय करेल?

खरी परीक्षा छपाईला. रोमन लिपीत त्याच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ असते. ती नसली तर ते आमचं आडनाव, किंवा मशीनवरच्या मुलाने वाचलं तसं 'सेन'. त्याच्या अक्षरांच्या संचात रेघ नव्हती. मी म्हटलं, "अरे, 'ने'वर मात्रा देतो ना आपण? तशीच, फक्त उलटीकडे कललेली." त्याला लगेच कळलं. उरलेल्या विनाईलमधून ब्लेडने पट्टी कापली, अंदाजाने ठेवली, हीट प्रेस दाबला. जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या धुण्यात १९ मधल्या नवाचा कोपरा सुटला. परत दाबून दिला, फुकट, पण अर्धा तास ताटकळत ठेवून. हाताने कापलेली मात्रा अजून जागची हललेली नाही.

पाचापैकी चार. जर्सी उलटी करून, गार पाण्यात धुवा.