ऐकण्यासाठी योग्य जागा: पुण्याचा सुदर्शन रंगमंच

पुण्यातील शनिवार पेठेत महाराष्ट्र कल्चरल सेंटर चालवत असलेला सुदर्शन रंगमंच प्रायोगिक नाटकांसाठी सर्वपरिचित आहे. परंतु कथा, कविता किंवा पत्रे कोणीतरी मोठ्याने वाचलेली ज्यांना ऐकायची असतात, त्यांच्यासाठीही शहरात इतकी अनुकूल जागा क्वचितच सापडेल, असे माझे ठाम मत आहे.

याचे मुख्य श्रेय सभागृहाच्या लहान आकाराला द्यावे लागेल. वाचणारा हाकेच्याही अलीकडे बसलेला असल्यामुळे त्याला आवाज चढवावा लागत नाही, आणि वाक्याच्या मध्येच घेतलेला श्वास, एखाद्या शब्दापूर्वीचा थांबा किंवा खालच्या पट्टीत उतरलेला स्वर श्रोत्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांचे काव्यवाचन किंवा शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांचे कथाकथन गावोगावच्या मोठ्या गर्दीतही रंगले, कारण तेथे लेखक स्वतःच आपले लेखन घेऊन समोर उभा असे. अभिवाचनात मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याचा मजकूर हाती असतो. तो पाठ न करताही आतून समजलेला असावा लागतो, आणि तालीम अपुरी पडली असेल तर इतक्या जवळून ते लगेच जाणवते. म्हणूनच ही जागा वाचणाऱ्याचीही परीक्षा घेते, आणि मला ती याच कारणासाठी विशेष प्रिय आहे.

शहरातील एका कॅफेमध्ये होणाऱ्या ओपन माइकला गेल्यावर हा फरक तीव्रतेने जाणवला. नवख्या कवीला कोणाच्याही शिफारशीशिवाय उभे राहता येते, हे अशा कार्यक्रमांचे मोठे मोल आहे आणि ते कमी लेखू नये. तथापि प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटे, शेजारी कॉफीच्या यंत्राची घरघर आणि आपले वाचन आटोपताच मित्रांसह निघून जाणारे सहभागी, अशा वातावरणात शेवटी वाचणाऱ्याच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. आयोजकांनी नावे कमी घेऊन प्रत्येकाला अधिक वेळ द्यावा, आणि शेवटपर्यंत थांबण्याची अट नोंदणीच्या वेळीच स्पष्टपणे घालावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

सुदर्शनला प्रथमच जाणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिका आधी पाहावी, कारण तेथे मुख्यतः नाटके होतात आणि अभिवाचने अधूनमधून असतात. पेठेतील अरुंद रस्त्यांवर चारचाकी लावणे कठीण असल्याने रिक्षाने जाणे सोयीचे ठरते. शक्य असल्यास वाचली जाणारी कथा आधी वाचून न जाता प्रथम तेथेच ऐकावी, आणि आवडल्यास मग पुस्तक मिळवावे.