जुनी छोटी कटर मशीन दुरुस्त करावी, नवी 58 सीसीची घ्यावी की बॅटरीची?

केशर आंबा उतरला की छाटणीची घाई सुरू होते, आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेली कटर मशीन, म्हणजे लाकूड कापायची चेनसॉ, नेमकी तेव्हाच सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. मग वाटतं, कशाला हा व्याप, मोंढ्याकडं जाऊन नवीच आणू. आमच्या अंबड भागात मोसंबीचा सल (वाळक्या फांद्या) काढणाऱ्या, धुऱ्यावरच्या बाभळी तोडणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते. माझ्याकडं तिन्ही प्रकार वापरून झाले आहेत. माझं मत आधीच सांगतो: जुनी मशीन चांगल्या कंपनीची, 30-35 सीसीची असेल आणि पिस्टन स्वच्छ असेल, तर ती दुरुस्तच करा.

पिस्टन बघायला मिस्त्रीची गरज नाही. थंड मशीनचा सायलेन्सर खोला, दोरी हळूच ओढून पिस्टन छिद्रासमोर आणा आणि बॅटरीचा उजेड पाडा. बाजू गुळगुळीत दिसली तर जीव शाबूत आहे. उभे खोल ओरखडे दिसले तर ब्लॉक-पिस्टनचा खर्च आलाच. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. स्विच बंद ठेवून मशीन दोरीच्या मुठीला धरून लटकवा. ती अडखळत, टप्प्याटप्प्यानं खाली यायला हवी. सरकन खाली आली तर कॉम्प्रेशन गेलंय. माझी पहिली मशीन अशीच गेली. मागून नेणाऱ्यानं टू-टी ऑइल न घालता नुसतं पेट्रोल भरलं होतं. दुपारपर्यंत ती जाम झाली.

पण सुरू न होणाऱ्या मशीनचा दोष पिस्टनपेक्षा पेट्रोलच्या वाटेत जास्त वेळा सापडतो. या कार्बोरेटरला मोटारसायकलसारखी वाटी आणि फ्लोट नसतो. आत एक पातळ पडदा असतो. तो खालीवर होऊन सुई उघडतो, म्हणून मशीन आडवी-उलटी धरली तरी चालते. पडदा कडक झाला की पेट्रोल कमी येतं. मशीन सुरू होते, पण रेस दिली की बसते. अशा वेळी चोक अर्धा ओढून काम रेटू नका. पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही कमी, आणि तिथूनच पिस्टनवर ओरखडे सुरू होतात. काही शे रुपयांच्या पडद्यासाठी अख्खं इंजिन घालवू नका.

2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. जुन्या मशीनची रबरी नळी आणि पडदा त्यासाठी बनलेले नाहीत, त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एवढं केलं तर पुढच्या छाटणीला निम्मी कटकट वाचते.

क्रँकची सील (इंजिनच्या दांड्यावरची रबरी कडी) गेली असेल तर मात्र हिशेब बदलतो. मशीन मोकळी असताना आपोआप रेस घेते, कशीही जुळवली तरी स्थिर राहत नाही. त्यासाठी इंजिन उघडावं लागतं आणि मजुरी वाढते. माझा ठोकताळा असा की दुरुस्तीचा एकूण आकडा त्याच दर्जाच्या नव्या मशीनच्या एक तृतीयांशावर गेला तर थांबायचं. तुलना त्याच दर्जाच्या मशीनशी करा, स्वस्त 58 सीसीशी नको. ते जनावरच वेगळं आहे.

58 सीसीची मशीन 20-22 इंची पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) ओढते. वाळून खडंग झालेल्या बाभळीचा किंवा जुन्या कडुलिंबाचा बुंधा कापायचा तर तिला पर्याय नाही. तिचे सुटे भाग कुठंही मिळतात, हाही मोठा फायदा. पण वजन पाच-सहा किलो, वर पट्टी-चेन. स्टिल (Stihl) कंपनीच्या छोट्या एमएस 180 मशीनचं इंजिन 31.8 सीसीचं आणि वजन पट्टी-चेनशिवाय चार किलोच्या आसपास. दिवसभर मोसंबीच्या झाडाखाली वाकून काम केल्यावर हा फरक कमरेला कळतो. शिवाय स्वस्त मशीनच्या स्टिकरवरचे सीसी खरे असतीलच असं नाही, आणि थरथरीनं स्क्रू ढिले होतात. रोज सकाळी पाना फिरवायची तयारी हवी. बहुतेक स्वस्त मशिनींना लिटरला 40 मिली ऑइल सांगितलेलं असतं, चांगल्या कंपनीच्या मशीनला तिच्याच ऑइलवर 20 मिली पुरतं. घरात दोन मशिनी असतील तर दोन वेगळे कॅन ठेवा. (आंबा, चिंच, साग तोडायला परवानगी लागते, मशीन कुठलीही असो.)

बॅटरीची मशीन मनगटाएवढ्या फांद्यांसाठी उत्तम. दोरी नाही, मिश्रण नाही, बाईमाणसालाही सहज पेलते. पण मे महिन्याच्या उन्हात बॅटरी तापून बंद पडते, म्हणून ती सावलीत ठेवावी लागते. वायरच्या विजेच्या मशीनचा विचार शेतासाठी करूच नका. शेतात दिवसा लाइट असेलच असं नाही आणि वायर झाडांत अडकते.

नवी घेण्याआधी चेन मात्र बघा. कापताना भुसा पिठासारखा पडत असेल तर मशीन म्हातारी झालेली नाही, दात बोथट झालेत. चपट्या कपच्या पडल्या पाहिजेत. सालीतली माती आणि वाळकी बाभळ चेनची धार फार लवकर खाते. छोट्या मशीनच्या बारीक चेनला 4 मिलीमीटरची गोल कानस लागते, 58 सीसीसोबत येणाऱ्या चेनला साधारण 4.8 ची. कोन 30 अंशांचा ठेवा आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारा, नाहीतर काप वाकडा जातो. चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालायची आपल्याकडं सवय आहे. ती सोडा. त्यातल्या धातूच्या कणांनी ऑइल पंप आणि पट्टी दोन्ही खराब होतात.

मिस्त्री शोधताना मोटारसायकलवाल्यापेक्षा पेट्रोलचे फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याकडं जा. पडद्याचा कार्बोरेटर त्याच्या रोजच्या हातातला असतो.

आणि पैसे घालण्याआधी चेनचा ब्रेक तपासा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन तोंडाकडं उसळते. तेव्हा वाचवतो तो हाच ब्रेक. मशीन जमिनीवर धरून सुरू करा, रेस द्या आणि पुढचा दांडा मनगटानं ढकला. चेन तिथल्या तिथं थांबली पाहिजे. थांबली नाही आणि ब्रेकचा पट्टा कुठं मिळत नसेल, तर पिस्टन आरशासारखा असला तरी ती मशीन पुन्हा झाडाला लावू नका.