हीटर बदलल्याचे पैसे घेतले आणि कट-आउट डायरेक्ट करून गेला

जुलैत डोंबिवलीत कपडे वाळत नाहीत, हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. त्यात माझ्या सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. रोज दोन-तीन चादरी आणि गाऊन धुवावेच लागतात. त्यासाठी चार वर्षांपूर्वी घेतलेला ड्रायरच कामी येतो. गरम हवा पाइपने बाहेर टाकणारा, गोल बटण फिरवून वेळ लावायचा, अगदी साधा.

एका सोमवारी दीड तास फिरूनही चादरी ओल्याच निघाल्या. ड्रम फिरत होता, पण आत गरमपणा नव्हता. वॉरंटी संपलेली होती. मी फोनवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. ती जाहिरात होती, हे मला नंतर समजलं. पलीकडच्या बाईंनी कंपनीचंच नाव घेतलं आणि दोन तासांत माणूस पाठवला.

तो 'मॅडम, मॅडम' करत आला. मागचं झाकण उघडलं आणि मला म्हणाला, खाली मीटर रूममध्ये जाऊन मेन स्विच बंद करून या. मी वर आले तेव्हा त्याच्या हातात काळी पडलेली, तुटलेली कॉइल होती. "हा बघा तुमचा हीटर. पीसीबीपण शॉर्ट झालाय." पीसीबी म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. मी ती कॉइल मशीनमधून निघताना पाहिली नव्हती. तरीही विश्वास ठेवला, कारण सासूबाई कोरड्या चादरीची वाट बघत होत्या.

व्हिजिटचे 450, हीटरचे 3,600, पीसीबीचे 3,200 आणि मजुरीचे 600, असे 7,850 रुपये झाले. पावती हाताने लिहिलेली, त्यावर जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयने दिले, तर समोर कंपनीचं नाही, एका माणसाचं नाव आलं. मी विचारलं. तो म्हणाला, "आमच्या सरांचं खातं आहे." जुने पार्ट कंपनीत जमा करावे लागतात म्हणून तेही घेऊन गेला. मशीन मात्र गरम व्हायला लागलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी जळका वास आला. ड्रायरचं दार उघडलं तर आतली चादर हात लावता येणार नाही इतकी तापलेली, कडेला पिवळी पडलेली. शेजारच्याच खोलीत सासूबाई झोपल्या होत्या, ज्यांना स्वतःहून उठून बाहेर येता येत नाही. त्या क्षणाची भीती अजून गेलेली नाही. प्लग काढला आणि त्या नंबरवर फोन केला. दोनदा उचलून कापला, मग बंदच.

सोसायटीतल्या एका काकांनी त्यांचे नेहमीचे कारागीर पाठवले. त्यांनी मला शेजारी उभं करून झाकण उघडलं. "ताई, हा हीटर तुमचा जुनाच आहे," ते म्हणाले. त्याच्या पट्टीवरचे स्क्रू गंजलेले, वर कपड्यांच्या तुसाचा कडक झालेला थर, म्हणजे अलीकडे कुणी हातही लावलेला नाही. मल्टिमीटर लावून दाखवला: 26 ओहम. 230 व्होल्टवर चालणारा 2,000 वॉटचा हीटर चांगला असेल तर साधारण एवढाच आकडा येतो. कॉइल तुटली असती तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. आणि पीसीबी? आमच्या मॉडेलमध्ये पीसीबी नाहीच. यांत्रिक टायमर आहे. जी वस्तू मशीनमध्ये नाही तिचे मी 3,200 रुपये मोजले होते.

मग त्यांनी हीटरच्या डब्यावरचा छोटा कट-आउट दाखवला. आतली उष्णता धोक्याच्या पलीकडे गेली की हा हीटरचा प्रवाह तोडतो. मोटरची वायर वेगळी, त्यामुळे ड्रम फिरत राहतो आणि कपडे थंड राहतात. आमचा कट-आउट उडाला होता, आणि तो योग्य कारणासाठी उडाला होता. मे महिन्यात भिंतीला रंग दिल्यावर मशीन मागे सरकवताना हवेचा पाइप चेपला होता आणि आत तूस दाटून बसलं होतं. गरम हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. आमच्या मशीनमधला कट-आउट एकदा उडाला की बदलावाच लागतो. त्या माणसाने तो न बदलता त्याच्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडल्या. कारागीर याला 'डायरेक्ट केलं' म्हणतात. पाइप तसाच तुंबलेला, आणि आग थांबवणारी गोष्टच निकामी केलेली.

पैशांचं दुःख आहेच. पण बिछान्यावरचं माणूस घरात आहे हे डोळ्यांनी बघून कुणी असं करू शकतं, याचा राग जास्त आहे.

नवा कट-आउट, नवा पाइप आणि मजुरी मिळून 1,150 रुपये लागले. तुमचा ड्रायर थंड पडला तर कुणाला बोलवण्याआधी बटण चुकून थंड हवेवर नाही ना ते बघा, जाळी काढून धुवा, मशीन पुढे ओढून पाइप तपासा. कट-आउट उडाला असेल तर एवढ्याने मशीन गरम होणार नाही, पण नवा बसवल्यावर तो याच कारणाने पुन्हा उडणार नाही. कंपनीचा नंबर मशीनवरच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. दुरुस्ती चालू असताना तिथून हलू नका, मेन बंद करायला घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा. पार्ट तुमच्यासमोर निघू द्या आणि जुना पार्ट स्वतःकडे ठेवा. पैसे दुसऱ्याच्या नावावर जाताना दिसले तर तिथेच थांबा.

मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पाच दिवस उशिरा. त्याच दिवशी केली असती तर पैसे अडवता येण्याची आशा तरी होती. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, सोबत पावतीची प्रत आणि त्या तारेच्या तुकड्याचा फोटो. ती जाहिरातही रिपोर्ट केली. आज सकाळी पुन्हा शोधून पाहिलं, तोच नंबर अजून सगळ्यात वर येतोय.