साइटवर फिल्म लावावी की कापडी टेप?

इन्सुलिन पंपाची ट्यूब अंगावर ज्या जागी जोडतात ती साइट. तिथे बसवायच्या सेटसोबत येणारी चिकटपट्टी कोणीतरी एसीत बसून बनवलेली असावी. मे महिन्यात डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडली, की उतरेपर्यंत तिच्या कडा वळलेल्या असतात. आमच्याकडच्या हवेत वरून काहीतरी लावावं लागतंच. काय लावायचं, एवढाच प्रश्न. मी दीड वर्ष पारदर्शक फिल्म लावली, म्हणजे सलाइनच्या सुईवर दवाखान्यात लावतात ती. गेली दोन वर्षं कापडी टेप लावतोय. खेळाडूंच्या खांद्यांवर-गुडघ्यांवर निळ्या-गुलाबी पट्ट्या दिसतात, त्यातली.

फिल्मची बाजू आधी मांडतो, कारण आता मी तिच्या बाजूने नाही. ती शर्टाला अडकत नाही, आंघोळीनंतर टॉवेलने टिपली की कोरडी. मुख्य म्हणजे आतली कातडी दिसते. लाली आली, रक्त आलं, लगेच कळतं. लहान मुलाची साइट सांभाळणाऱ्या आईवडिलांना याचं मोल फार. लावताना मात्र छळते. एका हाताने पोट ताणून धरावं, दुसऱ्याने मागचा कागद काढावा, तेवढ्यात एक कोपरा दुसऱ्याला मिठी मारतो आणि पट्टी वाया. पण ते सरावाने जमतं.

मी ती सोडली घामापायी. फिल्ममधून वाफ बाहेर जाते खरी, पण निथळणारा घाम तिला आवरत नाही. कडा गच्च आणि मध्ये पाणी, असं होऊन बसतं. त्या थेंबांची मला इतकी सवय झाली होती की मी त्यांच्याकडे बघणंच सोडलं होतं.

एका लग्नात जेवणाआधी बोलस, म्हणजे जेवणापुरता इन्सुलिनचा डोस, दिला. दोन तासांनी शुगर २१०. करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायला वरचं इन्सुलिन, दिलं, तर पुढे २९०. शर्ट वर करून साइट बघितली. फिल्म जागच्या जागी, एक सुरकुती नाही, आत थोडं पाणी, म्हणजे नेहमीचंच. जिलेबीला दोष देऊन मोकळा झालो. रात्री बनियन काढताना वास आला. इन्सुलिनचा तो औषधी, फिनेलच्या वळणाचा वास पंपवाल्याला सांगावा लागत नाही. आतलं पाणी नुसता घाम नव्हता. सेटची मूळ पट्टी भिजून कातडीपासून सुटली होती, कातडीत राहणारी ६ मिलिमीटरची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, जवळजवळ सगळी बाहेर आली होती, आणि पंप इमानेइतबारे फिल्मच्या पोटात इन्सुलिन सोडत होता. अलार्म वाजायचा तरी कसा? नळी तुंबली तर पंपाला कळतं, गळली तर कळत नाही. आणि पंपवाल्याला मागे लांब टिकणाऱ्या इन्सुलिनचा आधार नसतो, त्यामुळे कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासले तर निघालेच. पेनने डोस, नवा सेट, आणि घड्याळाकडे बघत पहाट.

कापडी टेप दिसायला वाईट, हे कबूल. तिसऱ्या दिवशी कडांना बनियनची लव चिकटून काळी रेघ उमटते. आंघोळीनंतर बराच वेळ दमट राहते, पावसाळ्यात तर जास्तच. खालची कातडी दिसत नाही. पण ती सुटते तेव्हा सांगून सुटते. आधी एक कोपरा उचलतो, शर्टाला खुपतो, हात आपोआप तिकडे जातो. शिवाय मध्ये भोक ठेवलेलं असल्याने सेट उघडा असतो. बोट लावून बघितलं, ओलं लागलं, की समजायचं.

५ सेंटिमीटर रुंदीच्या टेपचा ७ सेंटिमीटर तुकडा घेतो, कोपरे गोल कापतो, चौघडी करून मधल्या टोकाला नखाच्या कात्रीने छेद देतो. ट्यूब काढता-लावता येईल एवढंच भोक, जेणेकरून टेप सेटच्या मूळ पट्टीवर आणि बाहेर कातडीवर, दोन्हीकडे धरते. ताणून लावायची नाही, कडेला फोड येतात. मला आले होते. लावल्यावर तळहाताने मिनिटभर चोळायची, हिचा गोंद उबेने धरतो.

अर्थात माझी कातडी जाड आहे. तुमची नाजूक असेल तर गणित बदलेल. आधी बॅरिअर वाइप, म्हणजे कातडीवर संरक्षक थर देणारा ओला रुमाल, फिरवून बघा. सेटच्या गोंदानेच पुरळ येणारे काहीजण फिल्म खाली लावतात आणि तिच्यातून सेट टोचतात. त्यांच्यासाठी फिल्मच बरी. दिवसभर थंडगार ऑफिसात बसत असाल तर तुम्हाला माझी ही कहाणी लागूही होणार नाही कदाचित. आणि पोटाला तेल लागलं असेल तर दोन्ही सारख्याच निरुपयोगी. दिवाळीच्या अभ्यंगाला मी साइट आदल्या रात्रीच मांडीवर नेतो आणि घरच्यांना बजावतो, तिकडे हात लावायचा नाही. तेच खोबरेल जुनी टेप काढायला मात्र फार कामाचं. कडेला दोन थेंब, पाच मिनिटं थांबलं की केस न ओढता निघते.

फिल्मचं अर्धं खोकं कपाटात उरलं होतं. त्यातल्या पट्ट्यांचे आता छोटे तुकडे करतो. साइटपासून चार बोटांवर ट्यूबचा एक वेढा घालून त्यावर एक तुकडा लावला, की बाथरूमच्या कडीत ट्यूब अडकली तरी हिसका त्या वेढ्याला बसतो, कॅन्युलाला नाही. या कामाला तिच्याइतकं चांगलं मला दुसरं काही सापडलेलं नाही.