मनी प्लांट उंच टांगायचा की देऊन टाकायचा?

घरात मांजर आलं की महिन्याभरात हा प्रश्न पडतोच. मनी प्लांट, डिफेनबाकिया, पीस लिली यांच्या पानांत काय असतं, हे अळूने घसा खवखवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सगळी अळूच्याच कुळातली मंडळी. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपण अळूत चिंच घालतो आणि शिजवून खातो, मांजर कच्चं पानच चावतं. मग तोंडाची आग, लाळ, उलट्या. सहसा जिवावर बेतत नाही, पण बघवत नाही.

मी दोन्ही करून बसलोय. आधी दोन वर्षं कुंड्या टांगल्या, नंतर झाडंच बदलली.

टांगण्याच्या बाजूने बोलायचं तर काहीच टाकावं लागत नाही. पॅसेजच्या अंधारात, पाणी घालायचं विसरलं तरी जगणारं मनी प्लांटसारखं झाड दुसरं नाही. शिवाय आईच्या मते तो घरातून गेला की लक्ष्मी रुसते. आमचा वेल तर तिने कुणाच्या तरी कंपाउंडवरून गुपचूप खुडून आणलेला, तसाच लागतो म्हणे. तुमच्याकडे कुत्रा असेल तर टांगणं कदाचित पुरेलही. कुत्रा कपाटावर चढत नाही. आमचा बोका गोट्या फ्रिजवरून कपाटावर आणि कपाटावरून पडद्याच्या दांडीवर जायचा, तरी छताच्या हुकापर्यंत त्याची उडी कधी पोचली नाही.

मला नडलं ते पिकलेलं पान. कुंडी वर असली तरी पान खालीच पडतं. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी पॅसेजमध्ये वाकून पानं शोधायची, सोफ्याखाली झाडूचा दांडा फिरवायचा. त्यातून वेल खाली यायचा थांबत नाही. दर पंधरा दिवसांनी स्टुलावर चढून शेंडे छाटा, छाटलेले तुकडे मोजल्यासारखे गोळा करा. एका गणपतीत आम्ही गावाला गेलो, पाचव्या दिवशी परतलो तर पावसाळी हवेने माजलेला वेल थेट फ्रिजला टेकलेला. गोट्या कोपऱ्यात बसून पंजाने तोंड खरवडत होता, छातीवरचे केस लाळेने चिकटलेले. ओल्या फडक्याने तोंड पुसलं आणि टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवसांत तो जेवायला लागला. माझी झोप मात्र आठवडाभर गेली होती.

आता बदललेल्या झाडांचं. स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन फर्न ही मांजर-कुत्र्यांना बिनविषारी. पण मनी प्लांटची मजा त्यांत नाही, हे कबूल. फर्नला पाणी चुकलं की भुगा होतो. स्पायडर प्लांटची टोकं करपतात, आणि गोट्याला तो इतका आवडतो की झाड कायम न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतं. जास्त खाल्लं तर तेही ओकून टाकतो. म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गहू पेरतो. आठ दिवसांत गव्हांकुर त्याच्या तोंडाशी येतात आणि स्पायडर प्लांटला जरा उसंत मिळते.

नर्सरीत मात्र नुसत्या नावावर जाऊ नका. सागो पाम हा मुळात पामच नाही. त्याच्या बिया कुत्र्याने खाल्ल्या तर यकृत निकामी होऊ शकतं. आणि लिलीच्या बाबतीत ही तुलनाच लागू नाही. पीस लिली नव्हे, गुच्छात येते ती खरी लिली. मांजराने अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं जातात. ती उंचावरही नको. वाढदिवसाचा गुच्छ आला तर जिन्यातूनच परत.

बाकी ज्याचं घर मोठं आहे, जो रोज पानं वेचू शकतो, त्याने मनी प्लांट खुशाल टांगावा. माझ्याच्याने ते झालं नाही. हुकाला आता स्पायडर प्लांट आहे आणि पान पडलं तर मी ते संध्याकाळी उचलतो.

आईने तेवढी एक फांदी बाटलीत घालून बाथरूमच्या खिडकीत ठेवलीय. तिथलं दार लावून घ्यावं लागतं, आणि ते कुणाकडून उघडं राहिलं यावरून घरात आठवड्यातून एकदा भांडण होतं.