घरपट्टीची हरकत आणि कचेरीसमोरचे बाँड रायटर अण्णा

आमच्या तालुक्याच्या गावात कचेरीसमोर बाँड रायटर, म्हणजे दस्त-अर्ज लिहून देणारे, बसतात. त्यातल्या एका वयस्क अण्णांकडून मी यंदा घरपट्टीची हरकत लिहून घेतली. काम इतकं चोख झालं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आपल्या लोकांनी वाचावं म्हणून सविस्तर लिहिते. अण्णांनी नाव घालू नका म्हटलंय, ते घालत नाही.

आमचं घर सासऱ्यांच्या वेळचं, गल्लीत आत. सोपा, माजघर, वर मंगळुरी कौलं, मागं परडं. पुढच्या खोलीत दिरांचं झेरॉक्सचं दुकान होतं, ते कधीच बंद झालं. घराचं खातं, म्हणजे मालकी आणि कराची सरकारी नोंद, संगणकावर चढलं आणि नवा उतारा हातात आला, त्यावर घरपट्टी एकदम उडी मारून वाढलेली. नुसती ‘रक्कम फार झाली, कमी करावी’ अशी चिठ्ठी घेऊन मी गेले असते तर ती फाईलला लागून तिथंच पडली असती. आकड्यावर भांडून उपयोग नाही, आकडा ज्या नोंदींवरून निघाला त्या नोंदींवर भांडा, हे अण्णांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

उतारा कन्नडमध्ये. अण्णांनी तो टेबलावर पसरला, लाकडी पट्टी एका ओळीखाली ठेवली आणि रकाना वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, मग मला विचारायचं, असं सुरू केलं. “वहिनी, छत कसलं आहे? इथं स्लॅब लावलाय.” मी म्हटलं, अण्णा, दरवर्षी मृगाआधी कौलं परतून घेतो आम्ही, स्लॅब कुठला! पेन्सिलीनं खूण. पट्टी खाली सरकली. परड्याची जागासुद्धा बांधकामाच्या क्षेत्रात धरलेली. दुसरी खूण. पुढची खोली व्यापारी वापर. तिसरी खूण. मला कन्नड बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचून उमगत नाही, आणि आपल्या घराबद्दल कागदावर काय लिहिलंय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

आपल्याकडे कर्नाटकात शहरात घरपट्टी स्वयंघोषणेची असते, म्हणजे फॉर्म मालकानंच भरायचा. जागेला सब-रजिस्ट्रारकडच्या गाइडन्स व्हॅल्यूचा (सरकारनं ठरवलेल्या जागेच्या किमतीचा) दर, बांधकामाला त्याच्या प्रकाराप्रमाणे दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा, आणि राहतं घर की दुकान यावर टक्केवारी. त्यामुळं कौलाच्या जागी स्लॅब लागला की खालचं सगळंच वाढतं. शिवाय मूळ करावर आरोग्य उपकर 15 टक्के, ग्रंथालय 6 आणि भिक्षुक निधीचा 3 टक्के, तेही त्याच पटीत चढतात. महाराष्ट्रातले चंदगड-गडहिंग्लजचे पाहुणे ‘नमुना 8 काढा’ म्हणून सांगतात, तो त्यांच्या ग्रामपंचायतीचा कागद आहे, इथं त्याचं काही चालत नाही. आपल्या खेड्यांत ई-स्वत्तूचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या संगणकावरच्या मिळकत नोंदींचे, फॉर्म 9 आणि 11 लागतात.

सगळ्यात आवडलं ते हे. गाइडन्स व्हॅल्यू 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यभर वाढली, तर आमच्या गल्लीला मोठ्या रस्त्याचा दर लावला असेल अशी माझी खात्री होती आणि तेही लिहा म्हणून मी हट्ट धरला. अण्णांनी दरांची यादी काढून आमच्या गल्लीची ओळ दाखवली. दर बरोबर होता. “हे नको वहिनी. एक खोटी हरकत घातली की तीन खऱ्यांवर पण संशय घेतात.” पानं वाढवून पैसे घेणारा माणूस असं बोलला नसता.

अर्जात तीन मुद्दे, प्रत्येकाखाली त्याचा पुरावा. कौलांचे चारी बाजूंनी फोटो, गवंड्याकडून टेपनं मापून घेतलेला साधा नकाशा, आणि खोलीसाठी घरगुती मीटरचं हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, ही ताकीद. नोटीस आली असेल तर तिच्यातली मुदत आधी बघा, हेही त्यांनीच सांगितलं.

पैशाबद्दलचा सल्लाही खरा ठरला. हरकत चालू आहे म्हणून घरपट्टी अडवून ठेवू नका म्हणाले. एप्रिलमध्ये भरली की 5 टक्के सूट, मे-जून जैसे थे, जुलैपासून महिन्याला 2 टक्के दंड. मी एप्रिलमध्येच भरली आणि ‘हरकत राखून भरत आहे’ असं सोबतच्या पत्रात लिहून दिलं.

पुढं बिल कलेक्टर आणि निरीक्षक घरी आले. निरीक्षक सोप्यात उभे राहून वर बघत राहिले, मग परड्यात जाऊन टेप लावला. छत आणि क्षेत्र दोन्ही दुरुस्त झालं. खोलीचा व्यापारी शेरा यंदापासून निघाला, मागच्या वर्षांचं मात्र मिळालं नाही, कारण दुकान नेमकं कधी बंद झालं याचा एकही कागद घरात सापडला नाही. दुकान बंद केलं की त्याच आठवड्यात लेखी कळवून पोच घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

उणिवा दोन. अर्ज फक्त कन्नडमध्ये मिळतो. अण्णा वाचून दाखवतात, पण ज्यावर सही करायची त्याचा मराठी मसुदा हातात हवाच. मी मागितला तेव्हा त्यांनी हातानं लिहून दिला, तो सगळ्यांना न मागता द्यावा असं मला वाटतं. दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये तिथं उभं राहायला जागा नसते आणि ते निवांत बसून वाचत नाहीत. दिवाळीनंतर जा. अर्जाचे दीडशे रुपये घेतले, टायपिंग त्यातच. जाताना उतारा, मागच्या चलनांच्या पावत्या, वीजबिल आणि घराची मापं घेऊन जा. उतारा जुना असेल तर आधी सकालात (ठरल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या योजनेत) नवी प्रत मागा, नंबर मिळतो आणि मुदतीत कागद हातात येतो.