एफवायला विषय चुकला असं वाटतंय: आतच बदलायचं, थांबायचं की बाहेर पडायचं?

जुलैत लेक्चर सुरू होतात आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत एफवायच्या काही मुलांच्या लक्षात येतं की आपण घेतलेला विषय आपल्याला झेपत नाही, किंवा झेपतो पण आवडत नाही. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल नकोसं होतं. बीकॉमला आलेल्या मुलीचं लक्ष अर्थशास्त्राच्या लेक्चरला लागतं आणि अकाउंट्सला उडतं. मग ऑफिसच्या खिडकीवर एकच प्रश्न येतो, "प्रवेश रद्द करायचा तर काय करावं लागेल?"

प्रवेश समितीच्या टेबलामागे बसणारा शिक्षक म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. त्याआधी किमान तीन रस्ते असतात, आणि त्यांपैकी दोन रस्त्यांना वर्षही द्यावं लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. या चारही रस्त्यांची तुलना करताना मी तीन गोष्टी पाहतो: वर्ष जातं का, क्रेडिट (पेपर पास केल्यावर पदवीच्या हिशेबात जमा होणारी एककं) टिकतात का, आणि नंतर एमए-एमएस्सीचं दार उघडं राहतं का.

आधी रचना समजून घ्या, कारण जुन्या एफवाय-एसवाय-टीवायवाल्या दादा-ताईंचा सल्ला आता अर्धाच लागू पडतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची नवी पदवी-रचना महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठ विभागांत २०२३-२४ पासून आली, आणि इतर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३० तास. मेजर हा मुख्य विषय, मायनर हा दुय्यम. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचा ऐच्छिक पेपर), कौशल्याचे पेपर, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग असा सगळा संसार मार्कशीटवर दिसतो. मुलं या छोट्या पेपरांकडे नुसती भर म्हणून पाहतात. पण विषय बदलण्याची बरीचशी सोय त्यांतच आहे.

पहिला रस्ता: आत्ताच, त्याच कॉलेजात बदल

सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अनेक कॉलेजं विषयबदलाचा अर्ज घेतात. वर्ष जात नाही, मागचे क्रेडिट नसतातच, म्हणून गमवायचंही काही नसतं. अट एकच, नव्या विषयात जागा हवी. कला शाखेत जागा बहुधा निघते. विज्ञानात प्रॅक्टिकलची बॅच भरलेली असली की विभागप्रमुखांच्या हातात फार काही उरत नाही. अनुदानित तुकडीतून विनाअनुदानित तुकडीत जावं लागलं तर फी वाढते, आणि ती किती वाढते हे अर्जावर सही करण्याआधी घरी सांगायला हवं.

या रस्त्याची खरी मुदत सूचनाफलकावरच्या तारखेपेक्षा परीक्षेच्या फॉर्मशी बांधलेली असते. विद्यापीठाकडे तुमचे विषय एकदा गेले की कॉलेजचं मन असूनही हात बांधले जातात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असेल तर त्यातला अभ्यासक्रम आणि कॉलेजच्या नोंदीतला अभ्यासक्रम एकच राहायला हवा. ऑफिसातल्या स्कॉलरशिप पाहणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय शाखा बदलू नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा. बारावी सायन्स केलेल्याला कला किंवा वाणिज्यकडे येता येतं, पण बारावी आर्ट्स केलेल्याला बीएस्सी भौतिकशास्त्राला सहसा बसता येत नाही.

दुसरा रस्ता: वर्ष पूर्ण करा, दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर पालटा

मला हा रस्ता सगळ्यात जास्त आवडतो, आणि खिडकीवर त्याच्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०२४ च्या रचनेत बीए-बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तीन विषय असतात. दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर होतो, उरलेल्यांपैकी एक मायनर. म्हणजे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल घेतलेल्या मुलाला रसायनशास्त्र नको असेल तर त्याने काहीही रद्द करायची गरज नाही. भूगोल मेजर घ्यावा, वनस्पतिशास्त्र मायनर घ्यावं, रसायनशास्त्र पहिल्या वर्षापुरतं पास करून सोडून द्यावं. त्याचे क्रेडिट पदवीत मोजले जातात. पण अनेक स्वायत्त कॉलेजांत मेजर पहिल्या दिवसापासूनच ठरलेला असतो आणि तिथे ही सोय इतकी मोकळी नसते. म्हणून आपल्या कॉलेजची रचना नेमकी कोणती, हे आधी बघा.

मायनरला तीन वर्षांत साधारण १८ ते २० क्रेडिट असतात. मुलांना वाटतं मायनर म्हणजे नावापुरता विषय. तसं नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जून २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा जो आराखडा दिला, त्यात मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कोणत्याही विषयात मास्टर्सला पात्र धरलं आहे. पुढे जाऊन, प्रवेश परीक्षा पास केली तर मेजर-मायनरच्या बाहेरच्या विषयातही मास्टर्सचं दार उघडं ठेवलं आहे. प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतातच, तेव्हा ज्या विभागात जायचं मनात आहे त्याची पात्रता वाचून घ्या. तरीही अकाउंट्सला कंटाळलेल्या त्या मुलीला मी म्हणेन की बीकॉम सोडू नकोस. मायनरच्या यादीत अर्थशास्त्र असेल तर ते घे, ओपन इलेक्टिव्हमध्ये संख्याशास्त्राचा पेपर मिळाला तर तोही घे, आणि एमए अर्थशास्त्राच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास दुसऱ्या वर्षापासून हळूहळू सुरू कर.

या रस्त्यात अडचण दोनच ठिकाणी येते. पहिली म्हणजे हवा असलेला विषय तुमच्या पहिल्या वर्षाच्या तीन विषयांत नसणं. मग दुसऱ्या वर्षी तो मेजर होत नाही. दुसरी, मागणी. मानसशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रासारख्या विषयाला जागांपेक्षा मुलं जास्त झाली की काही कॉलेजं पहिल्या वर्षाच्या गुणांवर यादी लावतात. म्हणजे ज्या विषयात मन नाही त्याचेही गुण पहिल्या वर्षी राखावे लागतात. चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात, त्यामुळे नकोसा पेपर एटीकेटीवर ढकलणं पुढे नडतं.

तिसरा रस्ता: कॉलेज किंवा विद्यापीठ बदलणं

विषय ठीक आहे पण शिकवणारं कोणी नाही, तासच होत नाहीत, किंवा गाव सुटत नाही, अशा मुलांसाठी हा रस्ता. त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला रिकाम्या जागेवर जाणं त्यातल्या त्यात सोपं. आधीच्या कॉलेजचा टीसी आणि ना-हरकत, पहिल्या वर्षाच्या मार्कशीट, बस. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन (आधीच्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला), पात्रता प्रमाणपत्र आणि विषयांची बरोबरी, या तिन्ही गोष्टी मध्ये येतात.

आता क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन खात्यात जमा होतात. अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि डिजिलॉकरवर ते दिसतात, आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पण खात्यात दिसणारे क्रेडिट नव्या कॉलेजने जसेच्या तसे धरलेच पाहिजेत, असं नाही. कोल्हापूरच्या पहिल्या वर्षाचा पेपर आणि मुंबईच्या पहिल्या वर्षाचा पेपर नावाने सारखा असला तरी अभ्यासक्रम वेगळा निघू शकतो, आणि मग दुसऱ्या वर्षाच्या जोडीने पहिल्या वर्षाचा एखादा पेपर पुन्हा द्यावा लागतो. स्वायत्त कॉलेजात तर अभ्यासक्रम कॉलेजचाच असतो, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. त्यामुळे तिथून निघताना आणि तिथे शिरताना तपासणी अधिक बारीक होते. बॅकलॉग घेऊन कॉलेज बदलायला जाऊ नका. आधी पेपर काढा, मग टीसी काढा.

चौथा रस्ता: प्रवेश रद्द करून पुढच्या वर्षी नव्याने

हा रस्ता ज्यांचा खराच आहे, ते थोडे आहेत. बीएस्सीत बसून मन बीफार्मसीत असेल तर साधारणपणे एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. बीबीए, बीसीए, बीएमएसला जायचं असेल तर २०२४-२५ पासून राज्य सीईटी सेलची वेगळी परीक्षा आहे, कारण हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले. तेव्हा ऑगस्टमध्ये चिडून घेतलेल्या निर्णयाचा उपयोग नाही. सीईटीचे फॉर्म साधारण हिवाळ्यात सुटतात, त्याआधी निर्णय पक्का हवा. पहिलं सेमिस्टर सोडून न देता सीईटीची तयारी करणं शक्य असेल तर तसंच करा. सीईटीत मनासारखं झालं नाही तर हातात निदान २० क्रेडिट राहतात.

पैशांबद्दल. यूजीसीच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे, जाहीर झालेल्या अंतिम प्रवेश तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज केला तर पूर्ण फी, थोडा प्रक्रिया खर्च वजा करून, परत मिळते. तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८० टक्के, त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के, त्यापुढे काही नाही. गेल्या काही वर्षांत यूजीसीने त्या-त्या वर्षापुरत्या याहून सैल तारखाही दिल्या आहेत, म्हणून चालू वर्षाची सूचना पाहा. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला त्याच नियमांत मनाई आहे. अनुदानित बीएला ही रक्कम लहान असते. विनाअनुदानित बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला मात्र ती आईवडिलांच्या काही महिन्यांच्या बचतीएवढी असू शकते, आणि तिथे एका आठवड्याचा उशीर महाग पडतो.

शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी इथे सर्वांत सावध राहावं. पुन्हा पहिल्याच वर्षाला बसल्यावर ती पुढे चालू राहील, असं गृहीत धरू नका.

याच रस्त्याला एक फाटा आहे, ज्याची आठवण मी प्रत्येकाला करून देतो. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, दोन्हींपैकी एक दूरशिक्षणातून घेतली तरी चालते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे आणि त्याची अभ्यासकेंद्रं अनेक तालुक्यांत आहेत. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठही आहे. बीएस्सी चालू ठेवून इतिहासाचा ध्यास मुक्त विद्यापीठातून पुरवता येतो, आणि ती पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. दुहेरी परीक्षांचा ताण मात्र खरा असतो. घरून कॉलेजला एसटीने दोन-दोन तास जाणाऱ्या मुलीला मी हा सल्ला सहसा देत नाही.

कोणाला काय विचारायचं

आपल्याकडे फक्त अभ्यासक्रमाचा सल्ला देणारा माणूस कॉलेजात बसलेला नसतो. ते काम चार-पाच जणांत विखुरलेलं असतं, आणि मुलं चुकीच्या माणसाला बरोबर प्रश्न विचारतात. मेन्टॉर किंवा क्लास टीचर तुम्हाला ओळखतो. अंतर्गत गुण आणि हजेरी त्याच्यापुढे असते, म्हणून "मला हे जमेल का" हे त्याला विचारा. जागा किती उरल्यात हे विभागप्रमुखांना माहीत असतं. क्रेडिट कसे मोजले जातील हे परीक्षा विभागात विचारा, आणि तिथे गर्दी नसेल अशा वेळी जा. रांगेत उभं राहून नीट उत्तर मिळत नाही. फी आणि कागदपत्रांसाठी ऑफिस अधीक्षक.

टीवायच्या ताईला विचारा की मेजरचं रोजचं काम कसं असतं, प्रोजेक्टला किती वेळ जातो, कोणते सर मनापासून शिकवतात. नियमाबद्दल मात्र तिच्या आठवणीवर विसंबू नका, तिची रचना जुनी असू शकते.

आणि घरी बोलताना "मला कॉलेज सोडायचंय" असं सुरू केलंत तर बोलणं तिथेच अडकेल. "भूगोल मेजर घेतोय, वर्ष जात नाही, फी तीच आहे" असं म्हटलं तर वडील पुढचा प्रश्न विचारतील, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.

जो रस्ता ठरेल त्याचा अर्ज हाताने लिहा, दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या. विषयबदल मंजूर झाल्यावर परीक्षेचा फॉर्म भरताना पडद्यावर दिसणारे विषय त्या अर्जाशी ताडून पाहा, आणि एकही पेपर जुळत नसला तर फॉर्म सबमिट न करता परीक्षा विभागात जा.